ॲम्प्लिफायर आपोआप चालू-बंद करणारा १२ व्होल्टचा ट्रिगर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात वेगळा पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) आणला की पहिल्या आठवड्यातच हा विषय निघतो. रिसीव्हर रिमोटने चालू होतो, टीव्ही रिमोटने चालू होतो, आणि ॲम्पसाठी मात्र कपाटामागे हात घालून बटण शोधावं लागतं. त्यावरचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

ट्रिगर म्हणजे नेमकं काय?

एव्ही रिसीव्हर, प्रीॲम्प (ॲम्पच्या आधी आवाज आणि इनपुट सांभाळणारं उपकरण), काही डॅक (डिजिटल संगीताचा ॲनालॉग सिग्नल करणारी पेटी) आणि स्ट्रीमर (नेटवर्कवरून संगीत वाजवणारं उपकरण) यांच्या मागे ‘ट्रिगर आउट’ असं लिहिलेला छोटा जॅक असतो. उपकरण चालू असेपर्यंत तिथे १२ व्होल्ट डीसी मिळतात. ते स्टँडबायला गेलं की शून्य. ॲम्पच्या ‘ट्रिगर इन’ जॅकपर्यंत हे १२ व्होल्ट पोचले की आतला रिले (विजेने हलणारा स्विच) किंवा ऑप्टोकपलर (प्रकाशाने निरोप पलीकडे देणारा सुटा भाग) काम करतो आणि ॲम्प जागा होतो. व्होल्ट गेले की ॲम्प पुन्हा झोपतो. यात ना सॉफ्टवेअर, ना पेअरिंग, ना इंटरनेट. म्हणूनच तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: ट्रिगर हा फक्त निरोप आहे. ॲम्पला लागणारी वीज त्याच्या स्वतःच्या मेन्स केबलमधूनच येते. ट्रिगर जॅकमधून साधारण ५० ते १५० मिलिॲम्पियर एवढाच करंट मिळतो. त्यावर पंखा, दिवा किंवा एलईडी पट्टी चालवायचा मोह आवरा.

ॲम्प सतत चालूच ठेवला तर काय बिघडतं?

लगेच काही बिघडत नाही, पण वीज जात राहते. क्लास एबी (ए, एबी, डी हे ॲम्पच्या सर्किटचे प्रकार) प्रकारचा मल्टिचॅनेल ॲम्प काहीही वाजत नसतानाही सहज ५० वॉट खातो. दिवसातले २० तास तो असा रिकामा बसला तर १ युनिट झालं, म्हणजे वर्षाला ३६५ युनिट, तेही एक सूर न ऐकता. क्लास ए असेल तर विचारूच नका. तो रिकामा असतानाच सगळ्यात जास्त तापतो. क्लास डी ॲम्प या बाबतीत बराच काटकसरी असतो.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (ॲम्पमधला वीज साठवणारा भाग) तापमान १० अंश सेल्सियसने वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. बंद कपाटात चोवीस तास कोमट राहणारा ॲम्प लवकर म्हातारा होतो.

‘ॲम्प गरम झाल्यावरच चांगला वाजतो’ असं म्हणणारेही भेटतात. त्यांना गाणं लावण्याआधी वीस मिनिटं ट्रिगर देऊन ठेवता येतो. त्यासाठी दिवसभर चालू ठेवायची गरज नाही.

केबल कोणती लागते?

दोन्ही टोकांना ३.५ मिलिमीटरची मोनो पिन असलेली साधी केबल. मोनो पिनवर एकच काळी रेघ असते, स्टिरिओ पिनवर दोन. टोकाला प्लस, मागच्या दांड्याला ग्राउंड.

घरात पडलेली स्टिरिओ ऑक्स केबल चालेल का? बहुतेक ठिकाणी चालते, कारण मोनो जॅकमध्ये तिच्या पिनेची मधली कडी ग्राउंडलाच टेकते. तरी मॅन्युअल एकदा पाहा. काही उपकरणांवर ३.५ ऐवजी २.५ मिलिमीटरचा जॅक असतो, तर काहींवर स्क्रूने वायर आवळायची हिरवी पट्टी. त्या पट्टीवर प्लस-मायनस स्वतः तपासूनच जोडा.

महागडी ‘ऑडिओफाइल ट्रिगर केबल’ कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नको म्हणा. या वायरीतून आवाज जातच नाही.

तसाच दिसणारा दुसरा जॅक आहे. चुकून त्यात लावली तर?

ही शंका रास्त आहे. ३.५ मिलिमीटरचा जॅक हेडफोनला, आयआर रिपीटरला (रिमोटचा सिग्नल पुढे पोचवणारं उपकरण), ऑक्स इनपुटला आणि ट्रिगरला, सगळीकडे सारखाच असतो. ट्रिगर आउटमधले १२ व्होल्ट हेडफोन आउटपुटमध्ये किंवा फोनमध्ये गेले तर ते सर्किट जळू शकतं. आयआरचा चिकटवायचा छोटा एलईडी ट्रिगर जॅकमध्ये लावला तर तोही उडू शकतो. केबलच्या दोन्ही टोकांना ‘ट्रिगर १२ व्होल्ट’ अशी चिठ्ठी चिकटवून टाका.

आणि पिन लावताना-काढताना ट्रिगर देणारं उपकरण बंद असू द्या. पिन आत सरकताना टोक क्षणभर ग्राउंडच्या पत्र्याला घासतं आणि १२ व्होल्ट शॉर्ट होऊ शकतात. चांगल्या उपकरणात यासाठी संरक्षण असतं, पण ते आहे की नाही याची परीक्षा आपण का घ्यायची?

सगळं जोडलं, तरी ॲम्प चालू होत नाही. कुठून सुरुवात करू?

केबलपासून नको, ॲम्पच्या मागच्या बाजूपासून करा. तिथे बहुधा दोन स्विच असतात. एक मेन्सचा मोठा स्विच. तो बंद असेल तर ट्रिगर काहीही करू शकत नाही. दुसरा छोटा सरकणारा, ज्यावर ‘मॅन्युअल’, ‘ऑटो’, ‘ट्रिगर’ असे पर्याय असतात. तो ‘मॅन्युअल’वर राहून गेलेला असणं हे अशा तक्रारींमागचं नेहमीचं कारण.

नंतर रिसीव्हरचा मेनू. बऱ्याच रिसीव्हरमध्ये ट्रिगर कुठल्या झोनसाठी (रिसीव्हर वेगळा आवाज देतो ती खोली) आणि कुठल्या इनपुटसाठी द्यायचा, हे ठरवता येतं. ट्रिगर दुसऱ्या झोनला नेमलेला असेल, किंवा ब्लू-रेसाठी चालू आणि टीव्हीसाठी बंद असेल, तर ‘कधी चालतो, कधी चालत नाही’ असा भुताटकीसारखा प्रकार दिसतो. ‘ट्रिगर इन’ आणि ‘ट्रिगर आउट’ शेजारी-शेजारी असतील तर केबल योग्य भोकात आहे ना, तेही इथेच पाहून घ्या.

एवढं करूनही काही होत नसेल तर मल्टिमीटर काढा. डीसी २० व्होल्टची रेंज लावा. केबलचं एक टोक रिसीव्हरमध्ये ठेवा, दुसरं मोकळं. लाल प्रोब पिनच्या टोकाला, काळी मागच्या दांड्याला. दोन्ही प्रोब एकमेकींना टेकू देऊ नका. रिसीव्हर चालू केल्यावर ११ ते १३ च्या दरम्यान आकडा दिसला तर रिसीव्हर आणि केबल दोन्ही निर्दोष, दोष ॲम्पकडे. शून्य दिसलं तर केबल बदलून पाहा, मग मेनू. आकड्यापुढे वजाचं चिन्ह आलं आणि प्रोब बरोबर धरल्या असतील, तर केबल कुठेतरी उलटी जोडलेली आहे. घरी पिना सोल्डर करून बनवलेल्या केबलींत हे हमखास होतं.

मोकळ्या टोकाला १२ व्होल्ट, पण ॲम्प जोडताच ते ८-९ वर घसरतात, असं असेल तर मागणी जास्त होते आहे. पुढचा प्रश्न त्यावरच आहे.

एका ट्रिगरवर दोन-तीन ॲम्प आणि सबवूफर चालतील का?

चालतील. एकाचे दोन करणारा वाय स्प्लिटर लावा. सगळ्यांना १२ व्होल्टच मिळतात, करंट मात्र बेरीज होत जातो. ऑप्टोकपलरचा इनपुट असेल तर ५ ते १० मिलिॲम्पियर पुरतात. थेट रिलेची कॉइल असेल तर जास्त लागतो: १२ व्होल्टच्या साध्या चौकोनी रिलेची कॉइल ४०० ओहमची असते, म्हणजे ३० मिलिॲम्पियर. तीन ॲम्पचे ९० झाले. आउटपुटची मर्यादा १५० असेल तर निर्धास्त राहा, ५० असेल तर एखादा मधला रिले घाला.

ॲम्पवर स्वतःचा ‘ट्रिगर आउट’ असेल तर साखळी करणं त्याहून चांगलं: रिसीव्हर पहिल्याला उठवतो, पहिला दुसऱ्याला. काही ॲम्प पुढे निरोप देताना थोडा उशीर मुद्दाम ठेवतात. त्यामुळे सगळे ट्रान्सफॉर्मर एकाच क्षणी वीज ओढत नाहीत आणि एमसीबी पडत नाही.

केबल किती लांब असली तरी चालते?

घरातल्या घरात काळजीच नको. २४ गेजच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०८४ ओहम. २० मीटर अंतर धरलं तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ३.४ ओहमच्या आसपास. ५० मिलिॲम्पियरला त्यावर ०.१७ व्होल्ट पडतात. भिंतीतून आधीच टाकलेल्या नेटवर्क केबलची एखादी रिकामी जोडी असेल तर तीही चालते.

चालू किंवा बंद होताना स्पीकरमधून ‘धप्प’ आवाज येतो. का?

क्रम चुकतो म्हणून. चालू करताना ॲम्प सगळ्यात शेवटी आणि बंद करताना सगळ्यात आधी, हा जुना नियम आहे. प्रीॲम्प किंवा डॅक सुरू होताना त्याच्या आउटपुटवर क्षणभर डीसीचा झटका येतो. तेव्हा ॲम्प जागा असेल तर तो झटका मोठा करून स्पीकरला पाठवतो.

ट्रिगर वापरला की चालू होतानाचा क्रम बहुतेक वेळा आपोआप सुधारतो, कारण ॲम्पमधला स्पीकर रिले दोन-चार सेकंदांनी जोडला जातो. बंद होतानाची गंमत वेगळी. ज्या ॲम्पमध्ये स्पीकर रिले नाही, त्याच्या मोठ्या कपॅसिटरांत वीज गेल्यावरही काही सेकंद जीव असतो, आणि तेवढ्यात प्रीॲम्प बंद झाला तर धप्प ठरलेलाच. रिसीव्हरच्या मेनूत ट्रिगरचा उशीर ठरवता येत असेल तर आधी तो वापरून पाहा.

ट्रिगर केबल लावल्यापासून घूं असा आवाज येतोय.

ग्राउंड लूप. ट्रिगर केबलचं ग्राउंड दोन्ही उपकरणांच्या पत्र्यांना जोडतं. आवाज नेणाऱ्या आरसीए केबलने तेच आधी जोडलेलं असतं, दोन्हींचं अर्थिंगही असतं, आणि मेन्सचा हम (हाच घूं आवाज) फिरायला गोल रस्ता तयार होतो. खात्री करणं सोपं आहे: ॲम्प ‘मॅन्युअल’वर चालू ठेवा आणि ट्रिगर केबल उपसा. आवाज गेला तर गुन्हेगार सापडला.

उपाय म्हणजे मध्ये ऑप्टोकपलर किंवा छोटा रिले. पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर आणि त्याच्या एलईडीच्या बाजूला १ किलोओहमचा रेझिस्टर लावला तर १२ व्होल्टवर १० मिलिॲम्पियरच्या आसपास करंट जातो, आणि दोन्ही बाजूंचं ग्राउंड वेगळं राहतं. पलीकडच्या बाजूला लागणारे १२ व्होल्ट मात्र वेगळ्या ॲडॅप्टरने द्यावे लागतात. हम घालवण्यासाठी मेन्सच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे लोक आहेत. ते कधीही करू नका. ॲम्पमध्ये इन्सुलेशन फाटलं तर त्या पत्र्यावर थेट फेज येतो.

माझ्याकडे रिसीव्हरच नाही. टीव्हीवरून ॲम्प चालू करता येईल?

टीव्हीला ट्रिगर आउट नसतोच म्हटलं तरी चालेल. तरी वाटा आहेत.

पहिली, यूएसबी पोर्टचे ५ व्होल्ट. अनेक ॲम्पचे ट्रिगर इनपुट ५ व्होल्टवरही काम करतात. मॅन्युअलमध्ये ‘३ ते ३० व्होल्ट’ अशी रेंज दिलेली असेल तर यूएसबीचे दोन तार थेट पिनला जोडून भागतं. नाहीतर ५ चे १२ करणारं बूस्टर मॉड्यूल मिळतं. अडचण अशी की बरेच टीव्ही बंद असतानाही यूएसबीवर वीज ठेवतात किंवा रात्री अपडेट घेताना ती चालू करतात. मग मध्यरात्री ॲम्प आपणहून उठतो. आधी दोन दिवस एखादा यूएसबी दिवा लावून टीव्हीचं वागणं पाहा. टीव्ही केबलच्या किंवा अँटेनाच्या वायरीला जोडलेला असेल तर वर सांगितलेला हमही इथे पटकन येतो.

दुसरी वाट मला जास्त आवडते: स्मार्ट प्लगमध्ये १२ व्होल्टचा साधा ॲडॅप्टर आणि त्याची वायर ॲम्पच्या ट्रिगर इनमध्ये. प्लगवर लोड जवळजवळ नाहीच, ॲम्पच्या मेन्सला हातही लागत नाही, आणि फोनवरून, वेळापत्रकाने किंवा आवाजाच्या आज्ञेने ॲम्प चालू होतो. ॲडॅप्टर रेग्युलेटेड असावा. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲडॅप्टरवर १२ लिहिलेलं असलं तरी लोड नसताना १६-१७ व्होल्ट निघू शकतात. आणि हा ॲडॅप्टर १ ॲम्पियरही देऊ शकतो, म्हणून प्लसच्या तारेत १०० मिलिॲम्पियरचा छोटा फ्यूज घाला. प्लग बंद केल्यावर ॲम्प काही सेकंदांनी बंद होईल, ॲडॅप्टरमधला कपॅसिटर रिकामा व्हायला तेवढा वेळ लागतो.

तिसरी, एचडीएमआय सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलमधून उपकरणांनी एकमेकांना चालू-बंदच्या आज्ञा देण्याची सोय. टीव्हीने सीईसीवरून एखाद्या छोट्या प्रीॲम्पला किंवा डॅकला उठवायचं आणि त्याच्या ट्रिगरने ॲम्पला. जमलं तर उत्तम. पण सीईसीचं वागणं प्रत्येक कंपनीच्या टीव्हीत थोडं वेगळं असतं, त्यामुळे विकत घेण्याआधी त्याच जोडीचा अनुभव कुणाला आहे का ते विचारा.

ॲम्पलाच ट्रिगर इन नाही. मग?

आधी एक चाचणी. ॲम्प चालू ठेवा, आवाज पूर्ण कमी करा, भिंतीवरचा स्विच बंद करा आणि दहा सेकंदांनी चालू करा. ॲम्प स्वतःहून सुरू झाला तर त्याची मेन्स बाहेरून नियंत्रित करता येईल. तो स्टँडबायला जाऊन बसला, म्हणजे पुढचं बटण दाबल्याशिवाय उठत नसेल, तर स्मार्ट प्लग असो की रिले, काहीही उपयोग नाही. अशा ॲम्पसाठी आयआर ब्लास्टर, म्हणजे रिमोटसारखा सिग्नल पाठवणारं उपकरण, हाच सरळ रस्ता.

पहिल्या प्रकारात ट्रिगरवर चालणारा तयार पॉवर बोर्ड घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. मेन्सचा रिले घरी बसवता येतो, पण फेज कापायचा, अर्थिंग कधीच कापायचं नाही, फ्यूज, बंद डबा, वायरीला ताण न बसण्याची सोय हे सगळं नीट जमत असेल तरच. नसेल तर वायरमनला बोलवा.

इथे खरा शत्रू म्हणजे इनरश करंट. ५०० व्हीएच्या (व्होल्ट-ॲम्पियर) पुढचा टोरॉइडल (गोल कड्यासारखा) ट्रान्सफॉर्मर आणि त्यामागचे रिकामे कपॅसिटर चालू होण्याच्या क्षणी काही मिलिसेकंद दहा ॲम्पियरच्या कित्येक पट करंट ओढू शकतात. १० ॲम्पियर लिहिलेल्या स्वस्त स्मार्ट प्लगच्या रिलेचे कॉन्टॅक्ट अशाने वितळून चिकटतात. मग ॲपमध्ये ‘बंद’ दिसतं आणि ॲम्प तापतच राहतो. सॉफ्ट स्टार्ट असलेला ॲम्प असेल तर हा धोका कमी. काही जुन्या रिसीव्हरच्या मागे मेन्सचे सॉकेट असतात, जे रिसीव्हरबरोबर चालू-बंद होतात. त्यांवर १०० वॉटसारखी मर्यादा छापलेली असते. टेपडेकसाठी ते ठीक, पॉवर ॲम्पसाठी नाहीत.

‘ऑटो’ किंवा सिग्नल सेन्सिंग असताना ट्रिगरची गरज काय?

सिग्नल सेन्सिंग म्हणजे ॲम्प इनपुटवर आवाज आला की उठतो, काही मिनिटं शांतता राहिली की झोपतो. युरोपात २०१३ पासून स्टँडबायची मर्यादा ०.५ वॉट झाली आणि आपोआप बंद होण्याची सोय जवळपास सगळ्या उपकरणांत दिसू लागली. वायर लागत नाही, हा त्याचा फायदा. पण रात्री हळू आवाजात सिनेमा पाहताना सिग्नल इतका क्षीण असतो की ॲम्पला वाटतं सगळं संपलं, आणि ऐन संवादात तो बंद होतो. सबवूफरच्या बाबतीत हे फार होतं. उठतानाही पहिले एक-दोन सेकंद गिळले जातात. ट्रिगर आहे तिथे ट्रिगरच वापरा.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर संगीत वाजवतो. त्यातून ट्रिगर काढता येईल?

येईल, आणि करायला मजाही येते. पायची जीपीआयओ पिन (सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणारी पिन) ३.३ व्होल्टची आणि एका पिनवर जास्तीत जास्त १६ मिलिॲम्पियर, त्यामुळे ती थेट रिलेला जोडायची नाही. पिनपासून १ किलोओहमचा रेझिस्टर, तिथून बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा बेस, कलेक्टरवर १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल आणि कॉइलला उलटा १एन४००७ डायोड. डायोड विसरलात तर रिले सुटताना निर्माण होणारा उलटा झटका ट्रान्झिस्टर मारतो. रिलेच्या कॉन्टॅक्टमधून वेगळ्या १२ व्होल्ट ॲडॅप्टरचे तार ट्रिगर पिनला न्या. त्याने पाय आणि ॲम्प यांचं ग्राउंडही एकत्र येत नाही.

पिन निवडताना एक बारकावा. पाय सुरू होत असताना जीपीआयओ ० ते ८ आतल्या रेझिस्टरने वर ओढलेल्या असतात, ९ ते २७ खाली. वरच्या सर्किटसाठी ९ च्या पुढची पिन घ्या, नाहीतर प्रत्येक रीस्टार्टला ॲम्प टक् करून चालू होईल. तयार रिले मॉड्यूल बरेचदा उलट्या तर्काने चालतात, म्हणजे पिन खाली गेली की रिले लागतो. ते आधी तपासा.

सॉफ्टवेअरच्या बाजूने स्क्वीझलाइट या संगीत वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये चालू-बंद होताना स्क्रिप्ट चालवण्याची किंवा थेट पिन हलवण्याची सोय आहे. दुसरं काही वापरत असाल तर लिनक्सच्या आल्साची (आवाज सांभाळणारी यंत्रणा) स्थिती दर दोन सेकंदांनी वाचणारी छोटी स्क्रिप्ट पुरते: साउंडकार्ड उघडं असेल तर पिन वर, बंद दिसलं की लगेच खाली न आणता दहा-पंधरा मिनिटं थांबून मग खाली. हा थांबा नसेल तर दोन अल्बमच्या मधल्या वेळात रिले टकटक करत राहतो.

व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पला ट्रिगर लावावा का?

मी लावणार नाही. स्पीकर जोडलेला नसताना किंवा घरात कुणी नसताना तो चालू होणं धोक्याचं, आणि दर पंधरा मिनिटांनी गरम-थंड होणं व्हॉल्व्हलाही मानवत नाही. तो हातानेच चालू करावा.

प्रोजेक्टरचा पडदाही याच ट्रिगरवर उतरतो म्हणतात?

हो, तेच १२ व्होल्ट. फक्त पडदा रिसीव्हरच्या ट्रिगरला न जोडता प्रोजेक्टरच्या ट्रिगरला जोडा, नाहीतर नुसती गाणी ऐकतानाही पडदा खाली येईल.

लाइट जाऊन परत आली तर ॲम्प आपोआप चालू होईल का?

ट्रिगर रिसीव्हरकडून येत असेल तर सहसा नाही. बहुतेक रिसीव्हर वीज परत आल्यावर स्टँडबायला जातात, ट्रिगर शून्य राहतो आणि ॲम्प झोपलेलाच राहतो. स्मार्ट प्लग वापरत असाल तर त्याच्या ॲपमध्ये ‘वीज आल्यावरची स्थिती’ असा पर्याय शोधा आणि तो ‘बंद’वर ठेवा, काही प्लग मुळातून ‘चालू’वर असतात. ट्रिगर इन नसलेला, पुढच्या बटणावर चालू राहिलेला ॲम्प मात्र वीज येताच इतर सगळ्यांच्या आधी उठतो, म्हणून लाइट गेली की त्याचं बटण बंद करून ठेवा.